‘व्हॉयेजर’ : कर्तृत्वाचा प्रश्न

ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुइस यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘स्टाइम’ या संस्थेत १९८६ ते १९८८ या काळात सिद्ध केलेली ‘व्हॉयेजर’ ही संगणकप्रणाली वादन ऐकते, तत्क्षणी प्रतिसाद देते. वादक थांबला तरी स्वतःच्या अंतर्गत प्रक्रियेतून वाजत राहते. तिला ‘वाद्य’ म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. वाद्य वादकाकडे दुर्लक्ष करीत नाही. (तंबोरा ऐन मैफलीत उतरतो, ती गोष्ट वेगळी!) येथे बार्थप्रणीत ‘लेखकाचा मृत्यू’ आठवणे स्वाभाविक असले, तरी घाईचे आहे. यंत्राने काय ऐकावे, कशाकडे दुर्लक्ष करावे, हे लुइस यांनीच ठरविले. वादकाला अधिसत्ता नाकारण्यामागेही आफ्रिकन-अमेरिकन उत्स्फूर्त वादनाची परंपरा आहे. त्यांनी स्वरांऐवजी वर्तन रचले. साहजिकच, एका प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणालाच संहिता मानणाऱ्या समीक्षेच्या हाती या रचनेचे एक उदाहरण तेवढे लागते.