कमानीचे अवतरण

नगरमध्ये एखाद्या नव्या इमारतीवर निजामशाही वळणाची कमान दिसली, की परंपरेचे भान जागे झाले असे म्हणण्याचा मोह होतो. चार्ल्स जेंक्सने १९७७ मध्ये वास्तूची भाषा मांडताना शब्दांबरोबर वाक्यविन्यासाचाही विचार केला होता. आपण शब्दच उचलले. १५८३ मध्ये पूर्ण झालेल्या फराहबागेच्या कमानींचा अर्थ भोवतालच्या पाण्याशी असलेल्या त्यांच्या नात्यात होता. तलाव आटला, तसा तो संदर्भही लोपला. उरलेली कमान सिमेंटमध्ये उतरविणे म्हणजे संहिता न वाचता अवतरण देणे होय. (सलाबतखानाच्या कबरीस ‘चांदबिबीचा महाल’ म्हणणारे लोकमानसाचे अपवाचन याहून अधिक सर्जक ठरावे!) याउलट दिल्लीगेटच्या वेशीसमोर कोणी एकही कमान नसलेली, पण वेशीच्या उंचीचा मान राखून मागे सरलेली साधी इमारत उभारली, तर तिला मी नगरच्या परंपरेतली मानीन.