कादंबरीतील गद्यशैली व कथानक

ललित गद्याच्या मूल्यमापनातील एक जुना वादविषय. एखाद्या कादंबरीची भाषा विलक्षण सुंदर असावी. परंतु तिचे कथानक मात्र दुबळे असावे, अशा वेळी त्या कृतीचे वाङ्मयीन मोल कसे ठरवावे, हा या वादाचा गाभा होय. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : घटनांची गुंफण भक्कम, पण गद्य ओबडधोबड असलेल्या कादंबरीला कोणते स्थान द्यावे ? ज्या भाषेत ‘कादंबरी’ हे या वाङ्मयप्रकाराचे नावच एका अलंकृत संस्कृत गद्यकाव्यावरून आले, त्या मराठीत हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण ठरतो.

संकल्पना : कथानक म्हणजे केवळ घटनांचा क्रम नव्हे. ई. एम्. फॉर्स्टर (१८७९–१९७०) याने ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल (१९२७) या ग्रंथात गोष्ट व कथानक यांत भेद केला आहे. गोष्टीत कालक्रम असतो, तर कथानकात कार्यकारणभावावर भर असतो. त्यामुळे घटना थोड्या असणे आणि कथानक दुबळे असणे, या दोन बाबी वेगळ्या मानल्या पाहिजेत. पहिल्या प्रकारास विरळ कथानक म्हणता येईल; तो लेखकाने केलेल्या निवडीचा भाग असू शकतो. दुबळे कथानक हा मात्र रचनेचा दोष होय. पात्रांच्या स्वभावातून न उद्‌भवणारे निर्णय, अडचण येताच धावून येणारे योगायोग आणि आरंभी उभा केलेला प्रश्न मध्येच सोडून देणे ही त्याची लक्षणे होत. सुंदर गद्याबाबतही असाच विवेक आवश्यक आहे. भाषेची सजावट आणि भाषेची अचूकता यांची गल्लत झाल्यामुळे या वादात पुष्कळदा घोटाळा झालेला दिसतो.

साहित्यशास्त्रातील विचार : ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) शोकात्मिकेच्या सहा घटकांत कथानकाला पहिले स्थान दिले आणि पदरचनेला चौथे. नवशिक्या कवींना भाषा व स्वभावरेखन आधी साधते, घटनांची रचना मागाहून, असे त्याचे निरीक्षण आहे. जेथे कृती थांबलेली असते तेथे भाषेवर अधिक परिश्रम घ्यावेत; अन्यथा फार झळाळणाऱ्या भाषेमुळे स्वभाव व विचार झाकोळून जातात, असेही तो सांगतो. कादंबरी हा प्रकार त्याच्यापुढे नव्हता. तथापि हे निरीक्षण कादंबरीलाही लागू पडते.

भारतीय परंपरेत आनंदवर्धनाने (नववे शतक) केवळ इतिवृत्त शेवटास नेल्याने कवीचे प्रयोजन सिद्ध होत नाही, असे म्हटले. परंतु यावरून त्याने अलंकरणाला मोकळीक दिली असे समजणे चूक ठरेल. रसाच्या ओघात, वेगळा प्रयत्न न करता जो साधला जातो तोच खरा अलंकार, अशी त्याची भूमिका आहे. कुंतकाने वक्रोक्तिजीवित या ग्रंथात हा विचार आणखी पुढे नेला. कविव्यापाराच्या वक्रतेचे त्याने सहा प्रकार सांगितले आहेत. ते वर्णविन्यासापासून सुरू होतात व पद, प्रत्यय, वाक्य, प्रकरण अशा पायऱ्यांनी प्रबंधापर्यंत पोहोचतात. म्हणजे शब्दाची निवड आणि संपूर्ण कथेची मांडणी ही एकाच प्रतिभाव्यापाराची लहानमोठी रूपे होत. शैली व कथानक यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानणाऱ्या भूमिकेला कुंतकाचे हे वर्गीकरण पुरेसे उत्तर आहे.

आधुनिक काळात या वादाला धार आणली ती गुस्ताव्ह फ्लोबेर (१८२१–८०) याने. विषय जवळजवळ नसलेला, केवळ शैलीच्या आंतरिक बळावर तोललेला ग्रंथ लिहावा, अशी आकांक्षा त्याने १८५२ मधील एका पत्रात व्यक्त केली. शैलीच्या श्रेष्ठत्वाच्या समर्थनार्थ या पत्राचा वारंवार आधार घेतला जातो. मात्र त्याच सुमारास तो जी मादाम बोव्हारी (१८५७) लिहीत होता, तिचे कथानक अतिशय बांधीव आहे. एमाची स्वप्ने, तिचे कंटाळलेले वैवाहिक जीवन, उधारीवर घेतलेल्या वस्तू, वाढत जाणारे कर्ज आणि अखेरीस विषप्राशन, यांतील एकही दुवा काढून टाकता येत नाही. फ्लोबेरची शैली कथानकाची उणीव भरून काढत नाही. ती त्या साखळीतील प्रत्येक कडी डोळ्यांपुढे उभी करते.

बाणभट्टाची कादंबरी : सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयाने राहिलेल्या बाणभट्टाची कादंबरी हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. दीर्घ समास, उपमा-उत्प्रेक्षांच्या माळा आणि अनेक पृष्ठे व्यापणारी वाक्ये यांमुळे तिचे गद्य संस्कृतातील शिखर मानले गेले. त्याच कारणाने ती टीकेचाही विषय झाली. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर याने बाणाच्या गद्याची तुलना वाट न सापडणाऱ्या भारतीय अरण्याशी केली. अपरिचित शब्द ही त्या अरण्यातील श्वापदे. विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) यांनी मात्र आपल्या संस्कृत कवींवरील निबंधांत बाणाची रसिकतेने ओळख करून दिली.

कादंबरीचे कथानक दुबळे आहे, हा आक्षेप मुळात तपासून घ्यावयास हवा. शूद्रक राजाच्या सभेत एक चांडालकन्या पोपट घेऊन येते; तो पोपट आपला वृत्तांत सांगू लागतो; त्यात जाबाली ऋषींनी सांगितलेली कथा येते आणि तिच्या पोटात महाश्वेतेची आत्मकथा. अखेरीस कळते, की ऐकणारा राजा हाच पूर्वजन्मीचा चंद्रापीड आणि सांगणारा पोपट हाच वैशंपायन, म्हणजेच पुंडरीक. श्रोता आपलीच विसरलेली कथा परक्याची म्हणून ऐकत असतो. ही कल्पना दुबळी तर नाहीच, उलट कथनाच्या इतिहासात तिला तोड क्वचितच सापडेल. बाणाच्या बाबतीत दोष आहे तो गतीचा, रचनेचा नव्हे.

त्याच्या विस्तारातही फरक करावा लागतो. शुकनासाने चंद्रापीडास केलेला उपदेश कथेला थांबवितो. परंतु यौवन, ऐश्वर्य आणि मोह यांविषयी त्यात दिलेला इशाराच पुढील साऱ्या प्रेमकथेची पार्श्वभूमी ठरतो. शाल्मली वृक्षावर चढून पोपटांची हत्या करणाऱ्या वृद्ध शबराचा प्रसंग, आणि पिलाला पंखाखाली घेऊन मरणारा पिता, येथे वर्णन व घटना एकजीव झाली आहेत. याउलट नगरे, राजवाडे व नायिकांची अवयवशः वर्णने यांत अनेकदा एका उपमेने साधलेले काम दहा उपमांकडून करून घेतले जाते. तेथे आनंदवर्धनाची कसोटी उतरत नाही.

बाणाच्या हातून ही कृती अपूर्ण राहिली व त्याचा पुत्र भूषणभट्ट याने ती पूर्ण केली. त्यामुळे एकाच कथेचे दोन लेखकांनी केलेले निर्वहण शेजारीशेजारी पाहावयास मिळते. उत्तरभागात कथा वेगाने पुढे सरकते व पूर्वजन्मांची कोडी उलगडतात. घटनांच्या दृष्टीने हा भाग अधिक भरलेला आहे. तरी रसिकांनी स्मरणात ठेवला तो पूर्वभाग. एवढ्यावरून शैली कथानकापेक्षा श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. पूर्वभागातील विलंब वाचक सहन करतो, कारण पोपट कोण आणि तो राजसभेत का आला, हा प्रश्न कवीने आरंभीच त्याच्या मनात रुजविलेला असतो.

मराठी कादंबरी : बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) नंतर मराठीत मुक्तामाला (१८६१), मंजुघोषा (१८६८) यांसारख्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांची लाट आली. त्यांत बाणाच्या वर्णनशैलीचा बाह्य थाट होता. पण कथानक योगायोगांवर उभे होते. शैली व कथानक यांचा समतोल प्रथम समर्थपणे साधला तो हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी. पण लक्षात कोण घेतो ? (१८९३) या कादंबरीतील यमूचे घरगुती, बोलीच्या जवळचे निवेदन अलंकारांनी नटलेले नाही. तथापि एका विधवेच्या जीवनाची कहाणी तिच्याच भाषेत सांगितल्यामुळे त्या साधेपणाला शैलीचे मोल आले.

ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी प्रतिभासाधन (१९३१) मध्ये रचनातंत्राचा पुरस्कार केला. त्यांच्या कादंबऱ्यांत गुंतागुंत, उत्कंठा व उकल यांची रेखीव आखणी आहे आणि गद्यही प्रसन्न आहे. असे असूनही त्यांच्या लेखनाविषयी उथळपणाचा आक्षेप पुढील पिढ्यांनी घेतला. सुंदर गद्य व नेटके कथानक यांची बेरीज म्हणजे श्रेष्ठ कादंबरी नव्हे, हे फडक्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांच्याविषयीचे मतभेद अधिक तीव्र आहेत. त्यांच्या कल्पनारम्य, सुभाषितप्रचुर गद्यावर अनेक पिढ्या पोसल्या. पुढे त्याच गद्यास कृत्रिम ठरवून त्यांना बाजूस सारण्याकडे समीक्षेचा कल झाला. ययाति (१९५९) या कादंबरीस साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले व १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना लाभला. या कादंबरीत ययाती, देवयानी व शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने निवेदन करतात. ही योजना कथानकाच्या दृष्टीने मार्मिक आहे, कारण एकच घटना तीन अंतःकरणांतून दिसू शकते. परंतु तिघांची भाषा जवळजवळ एकाच उपमासंभाराने नटलेली आहे. भोगलोलुप राजा, अभिमानी ऋषिकन्या आणि दासी झालेली राजकन्या यांना एकाच सुरात बोलावयास लावल्याने लेखकाने स्वतःच उभारलेली योजना दुर्बळ होते. म्हणजे येथे सुंदर गद्य कथानकाची उणीव झाकत नसून चांगल्या रचनेची हानी करते. तरीही खांडेकरांना निव्वळ शब्दशिल्पी ठरविणे अन्यायाचे होय. त्यांच्या कादंबऱ्या गुजराती व तमिळ अनुवादांतून फार मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचल्या. अनुवादात मूळ भाषेचा नाद नाहीसा होतो. टिकून राहतात त्या प्रतिमा, नैतिक पेच व पात्रांविषयीची कणव. खांडेकरांचे बळ केवळ मराठी शब्दांच्या नादात नव्हते, याची ही साक्ष होय.

श्री. व्यं. केतकर (१८८४–१९३७) यांचे उदाहरण नेमके उलट आहे. ब्राह्मणकन्या (१९३०) सारख्या त्यांच्या कादंबऱ्यांत गद्य रूक्ष आहे व चर्चा कथेला वारंवार अडवितात. तथापि जातिव्यवस्थेच्या कडेवर जन्मलेल्या कालिंदीचा प्रश्न त्यांनी ज्या धाडसाने मांडला, ते धाडस समकालीन ललितरम्य कादंबरीत दुर्मिळ होते. दुर्गा भागवत यांच्यासारख्या चोखंदळ लेखिकेने केतकरांच्या कादंबरीचा स्वतंत्र ग्रंथाद्वारे परामर्श घेतला. केतकरांनी रूक्षतेची किंमत मोजली, हे खरेच. त्यांचा वाचक मर्यादित राहिला.

विश्राम बेडेकर यांच्या रणांगण (१९३९) मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर यूरोपातून भारताकडे येणारी बोट, तिच्यावरील निर्वासित ज्यू आणि चक्रधर-हेर्टा यांचे अल्पजीवी प्रेम एवढाच विषय आहे. कथानक विरळ आहे, पण दुबळे नाही. प्रवास संपला की वियोग अटळ आहे, हे प्रत्येक पृष्ठाला ठाऊक असते, आणि तुटक, संयत वाक्ये तो ताण धरून ठेवतात. भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला (१९६३) या कादंबरीत रूढ अर्थाचे कथानक जवळजवळ नाही. पांडुरंग सांगवीकरची उपहासगर्भ, वाकडीतिकडी बोली हीच तेथे घटनांना जोडणारा धागा होते. बहिणीच्या मृत्यूच्या प्रसंगी त्या बोलीमागील उसने अवसान गळून पडते आणि आधीच्या थट्टेचा अर्थही बदलतो. भाषेत घडलेला हा बदल हीच कथानकातील महत्त्वाची घटना ठरते.

मूल्यमापन : वरील उदाहरणांवरून काही निकष हाती येतात. वर्णन वा चिंतन काढून टाकल्यास कथेचा अर्थ उणावतो की नाही, हे प्रथम पाहावे. भाषा पात्र व प्रसंग यांनुसार बदलते की लेखकाच्या एकाच सुरात वाहते, ही दुसरी कसोटी. तिसरी कसोटी शेवटाची : अखेरच्या पृष्ठावरून मागे पाहता आधीच्या सुंदर परिच्छेदांना अधिक अर्थ येतो, की ते वेचून काढलेल्या उताऱ्यांसारखे सुटे उरतात ? क्रमिक पुस्तकांतील उताऱ्यांमुळे अनेक कादंबऱ्या वाचकांस प्रथम तुकड्यांतून भेटतात. त्यामुळे सुट्या उताऱ्याचे सौंदर्य हेच कादंबरीचे सौंदर्य मानण्याची सवय जडते व रचनेविषयीची अपेक्षा मंदावते.

याचा अर्थ दुबळ्या कथानकाची पण सुंदर गद्याची कादंबरी निरुपयोगी असा नव्हे. भाषेची क्षमता वाढविण्याचे कार्य अशा कृतींनी केले आहे आणि नंतरच्या लेखकांनी त्यांचा लाभ घेतला आहे. परंतु भाषेवरील तिचे ऋण मान्य करणे वेगळे आणि कादंबरी म्हणून तिला श्रेष्ठ ठरविणे वेगळे. कादंबरी माणसांना काळाच्या ओघात बदलताना दाखविते. ज्या गद्याला हा बदल पेलता येत नाही, ते कितीही रमणीय असले, तरी त्याचे स्थान निबंधात वा गद्यकाव्यात अधिक शोभते. आणि ज्या गद्याला तो पेलतो, त्याच्या बाबतीत शैली कोठे संपते व कथानक कोठे सुरू होते, हे सांगणे समीक्षकालाही कठीण जाते.