पृथ्वीचा सूर आणि लेनचा एकटेपणा

(पुढे मालिकेचा शेवट उघड केला आहे. पाहायची असेल तर आधी पाहून या.)

रात्री दीड वाजता झोप येत नसेल, तर यूट्यूब कधी ना कधी तो व्हिडिओ पुढे करतंच: ७.८३ हर्ट्झ, पृथ्वीच्या हृदयाचे ठोके. फिरणारा निळा गोल, मंद घुमणारा आवाज आणि खाली कॉमेंटांची रांग. कुणाला शांत वाटलं, कुणाला रडू आलं. मीही हेडफोन लावून ऐकलाय, आणि मलाही बरं वाटलं होतं.

अडचण एवढीच, की माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकत नाही. शिवाय ज्या ७.८३ची गोष्ट चालली आहे तो आवाज नाहीच, ती विद्युतचुंबकीय लहर आहे. मग आपण ऐकत होतो ते काय?

या प्रश्नामुळे मी 'सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन' पुन्हा पाहिली. १९९८ सालची तेरा भागांची ही जपानी अ‍ॅनिमे. दिग्दर्शक र्‍यूतारो नाकामुरा, लेखक चिआकी कोनाका. लेन ही अबोल शाळकरी मुलगी. तिच्या शाळेतली एक मुलगी आत्महत्या करते आणि त्यानंतर तिचे ईमेल येऊ लागतात. आपण फक्त शरीर सोडलंय, असं ती कळवते. लेन हळूहळू 'वायर्ड' नावाच्या नेटवर्कमध्ये ओढली जाते. तिथला स्वयंघोषित देव एइरी मासामी. त्याची योजना अशी: नेटवर्कच्या सातव्या प्रोटोकॉलमध्ये शूमान अनुनाद मिसळायचा, म्हणजे माणसं जोडायला ना वायर लागेल ना यंत्र. पृथ्वीच राउटर होईल.

शूमान अनुनाद खराच आहे. जमीन विजेची वाहक, वरचं आयनांबरही वाहक, आणि मधली हवा म्हणजे बंद पोकळी. जगभरात दर सेकंदाला सुमारे पन्नास विजा चमकतात, त्यांच्या लहरी या पोकळीत पृथ्वीभोवती फिरतात. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर, प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. मोबाइलवर भागाकार करून बघा, साडेसात येतात. म्यूनिकच्या विन्फ्रिड ओटो शूमानने १९५२ साली हे गणित मांडलं, १९६०मध्ये बाल्सर आणि वॅग्नर यांनी ते मोजून दाखवलं. पहिला सूर ७.८च्या आसपास, पुढचे साधारण १४, २१, २७ वर.

दुसरीकडे हान्स बर्गर. तरुणपणी लष्करी सरावात हा घोड्यावरून पडला आणि तोफगाडीखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली: तो संकटात आहे असं बहिणीला वाटत होतं. मनाचं मनाला कळतं कसं, हे शोधायला बर्गर मेंदूकडे वळला. टेलिपथी सापडली नाही. सापडली ती ईईजी. १९२९ साली त्याने माणसाच्या मेंदूलहरी प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून शांत बसलं की दिसणारी अल्फा लहर साधारण ८ ते १३ हर्ट्झची.

दोन आकडे शेजारी आले आणि लोकांनी लग्न ठरवलं. पण जवळ असणं म्हणजे नातं नव्हे. अल्फा लहर मेंदूतल्या मेंदूत, थॅलॅमस आणि कॉर्टेक्स यांच्यातल्या संदेशांच्या येरझाऱ्यांतून घडते. ती माणसागणिक वेगळी असते, वयाप्रमाणे बदलते. शूमान लहरीचं चुंबकीय क्षेत्र असतं जेमतेम एक पिकोटेस्ला. घरातल्या ५० हर्ट्झच्या वायरिंगचं त्याच्या हजारो पट. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा शंभर वर्षांपूर्वी अलिबागला न्यावी लागली होती. नाजूक उपकरणांचीही शहराच्या गोंगाटात ही गत. जर्मनीत र्‍यूटगर वेव्हरने माणसांना भूमिगत बंकरमध्ये ठेवून १० हर्ट्झचं क्षेत्र दिलं, तेव्हा त्यांच्या झोप-जागेच्या चक्रात फरक पडल्याचं त्याने नोंदवलं. विचार करण्याजोगा प्रयोग आहे. पण ते क्षेत्र निसर्गातल्या शूमान क्षेत्राच्या हजारो पट होतं.

'लेन'वरचा माझा खरा आक्षेप नवव्या भागाला आहे. तिथे मालिका माहितीपटाचा वेश घेते. व्हॅनेव्हार बुशचं मेमेक्स, रॉझवेलची उडती तबकडी, जॉन लिलीचे डॉल्फिन, शूमान अनुनाद: सगळं एकाच सपाट, अधिकारी आवाजात. खरं आणि अफवा यांच्यामध्ये शिवणही दिसत नाही. आपल्या फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड नेमके असेच चालतात: आधी दोन खऱ्या गोष्टी, आणि तिसरी त्यांच्या पुण्याईवर आत शिरते. मालिका या पद्धतीची चिरफाड करते आहे, असं तिचे चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. त्या भागात तिला स्वतःलाच या मिश्रणाची झिंग चढलेली दिसते.

तरीही मालिका वाचते, आणि तिला वाचवते आरिसू. लेनची एकुलती एक मैत्रीण. बाराव्या भागात ती लेनचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवते. ठोके. सेकंदाला एक-दीड, घाबरलेले. शरीराची गरजच नाही असं सांगणाऱ्या देवाला बारा भागांत मिळालेलं हे सर्वांत सरळ उत्तर आहे, आणि त्याला कुठलंही आयनांबर लागत नाही. शेवटी लेन सगळ्यांच्या आठवणीतून स्वतःला पुसून टाकते. ती आता सगळीकडे आहे आणि कुणाचीच नाही. एइरीने विकलेलं स्वप्न पुरं झालं की असं दिसतं.

बर्गरला बहिणीचं कळणं हवं होतं, लेनला कुणीतरी आपलं हवं होतं. ७.८३च्या व्हिडिओखाली लिहिणाऱ्यांना काय हवं असतं, हे मला आता थोडं कळतं. पृथ्वी आपल्या मेंदूशी बोलते असं मानलं, की दीड वाजता कुणालाच फोन करावा लागत नाही. मालिका पुन्हा पाहिल्यावर मी तो व्हिडिओ परत उघडला. आवाज बंद केला आणि फक्त कॉमेंटा वाचल्या. तेवढंच बरं वाटलं.