साक्षीतला पत्ता

दलित साहित्य आणि अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य यांची तुलना आपल्याकडे इतकी झाली आहे की ती आता परीक्षेतला प्रश्न होऊन बसली आहे. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलाममुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केली, पँथरने १९७२ मध्ये नाव तिकडूनच घेतले. तेव्हा नाते खरेच आहे. माझी तक्रार आपल्या वाचनाबद्दल आहे. आपण चाबूक वाचतो, जमाखर्च वाचत नाही.

फॅनी लू हेमर यांची २२ ऑगस्ट १९६४ ची साक्ष घ्या. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, मिसिसिपीच्या गोऱ्या प्रतिनिधींना आव्हान देताना ती दिली गेली. विनोनाच्या तुरुंगातील मारहाण सर्वांना आठवते. पण हेमरबाई आरंभी आपला पत्ता सांगतात : सनफ्लॉवर काउंटी, ईस्टलंड आणि स्टेनिस या सिनेटरांचे घर. टीकाकार हा भाग औपचारिक म्हणून ओलांडून जातात. मला साक्षीचे मर्म तेथेच दिसते.

कारण याच काउंटीत, डॉड्सव्हिलला, जेम्स ईस्टलंड यांची हजारो एकरांची कापसाची जमीन होती. ते सिनेटच्या शेतकी समितीवरही होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या शेतीला वर्षाला लाखावर डॉलर सरकारी अनुदान मिळे. गरिबांना मदत दिली की ती आळशी होतात, हे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या वर्गाला हे पैसे कापूस कमी पेरण्याबद्दलही मिळत होते!

ही रीत १९३३ च्या शेती कायद्याने सुरू झाली. भाव सावरण्यासाठी उभा कापूस नांगरून टाकायचा आणि सरकारने भरपाई द्यायची. करार जमीनमालकाशी, बटाईदाराचा वाटा मालकाच्या हातून. मालकांनी वाटा दाबला, पेरा घटल्यावर माणसेच हाकलली. याविरुद्ध १९३४ मध्ये आर्कान्सामध्ये काळ्या-गोऱ्या बटाईदारांनी मिळून संघटना काढली. कुळांना जमिनीवर ठेवलेच पाहिजे असा कराराचा अर्थ लावणाऱ्या शेतकी खात्यातील वकिलांना फेब्रुवारी १९३५ मध्ये घरी पाठवण्यात आले. पुढे १९७० मध्ये एका व्यक्तीला एका पिकामागे ५५,००० डॉलरची मर्यादा आली, तर मोठ्यांनी कागदोपत्री शेतीचे तुकडे पाडले. आपल्याकडील कमाल जमीनधारणेचे कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता हेमरबाईंच्या आठवणी वाचा. वडिलांनी मोठ्या कष्टाने खेचरे घेतली, तर कोणा गोऱ्याने त्यांच्या चाऱ्यात विष कालवले. मळ्यावर हजेरी-वजन त्यांच्याकडे आले तेव्हा मालकाची पाठ फिरताच त्या तराजूला आपले खरे वजन लावत. हा प्रसंग चतुराईचा किस्सा म्हणून सांगितला जातो. मला तो किस्सा वाटत नाही. वॉशिंग्टनहून येणारा धनादेश जेथे मालकाच्या नावावर फिरतो, तेथे वेचणारीच्या हाती हिशेब दुरुस्त करण्याची तेवढीच जागा उरते. ऑगस्ट १९६२ मध्ये मतदार नोंदणीला गेल्यावर ती जागाही गेली. अठरा वर्षांच्या मळ्यावरून त्यांना काढले. त्याच हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर काउंटीने सरकारी शिल्लक धान्याचे वाटप बंद केले, कारण काळे लोक नोंदणीला जात होते. एकाच शेतकी खात्याचे हे दोन हात आहेत.

हेमरबाईंनी १९६९ मध्ये चाळीस एकरांवर सहकारी शेती सुरू केली. डुकरीण नेणाऱ्या कुटुंबाने पिले परत करायची, अशी ‘पेढी’ही चालवली. कर थकले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात जमीन गेली. या अपयशावर आपल्या अभ्यासकांनी फारसे लिहिलेले नाही. शोकगीताला ते सोयीचे नसावे.

आपल्याकडे दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ आणि १९६४ मध्ये केला. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये देते, ते जमीन नावावर असेल तर. दुसऱ्याच्या रानात कापूस वेचणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते. तिची आत्मकथा मात्र अभ्यासक्रमाला लागते, आणि आपण विद्यार्थ्यांना तिच्यातील ‘वेदना’ अधोरेखित करायला सांगतो.