हुंडणावळीचा दर आणि मजुराचे पोट : ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’विषयी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. आपल्या सभांतून या ग्रंथाचे नाव हटकून घेतले जाते आणि त्यापाठोपाठ एक वाक्य येते : रिझर्व्ह बँक याच ग्रंथातून जन्माला आली. टाळ्या पडतात, ग्रंथ मात्र मिटलेलाच राहतो. त्यात काय म्हटले आहे, कुणाच्या बाजूने म्हटले आहे आणि त्यातले आज काय टिकते, हे तपासणे मला टाळ्यांपेक्षा अधिक गरजेचे वाटते.

ग्रंथाचा विषय रुपया आणि पौंड यांच्यातील हुंडणावळ हा आहे. १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेन वजनाचा ठरला. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. इंग्लंडचा पौंड सोन्याचा. तेव्हा रुपया-पौंडाचा दर म्हणजे मुळात चांदी-सोन्याचा दर. १८७० च्या सुमारापर्यंत तो रुपयाला साधारण २ शिलिंग होता. पुढे जर्मनीने चांदी सोडून सोने धरले, युरोपातील इतर देशांनीही चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले आणि चांदी घसरली. १८९४-९५ पर्यंत रुपया १ शिलिंग १ पेनीच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडात भरावे लागणारे ‘होम चार्जेस’ पौंडात होते. दर पडला की त्याच रकमेसाठी अधिक रुपये, म्हणजे अधिक कर. सरकारचे दुखणे हे होते. म्हणून १८९३ मध्ये लोकांची चांदी नाण्यांत पाडून देणे टांकसाळींनी बंद केले, रुपयाची टंचाई करून त्याचा भाव चढवला आणि १८९९ मध्ये १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला १५ रुपये, हा दर बसवला.

त्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिला सुवर्ण-विनिमय परिमाण म्हणतात. देशात चांदीचा रुपया फिरणार, त्याचे नाते मात्र लंडनच्या पौंडाशी सरकार सांभाळणार. १९१३ साली केन्सने या व्यवस्थेची तरफदारी केली. बाबासाहेबांनी तिच्यावरच घाव घातला. नाणे किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले, तर बाहेरचा दर स्थिर दिसेल आणि आत महागाई वाढत जाईल, हा त्यांचा मुद्दा. रुपया पौंडाच्या तुलनेत स्थिर असून भागत नाही. बाजारात त्याने काय विकत मिळते, ते स्थिर असले पाहिजे. मला या ग्रंथाचा कणा इथे दिसतो. लंडनची हुंडी वटवणाऱ्याच्या नजरेने सुरू झालेला वाद त्यांनी धान्य विकत घेणाऱ्याच्या नजरेपर्यंत आणला.

ही नजर हिल्टन यंग कमिशनपुढे अधिक स्पष्ट झाली. १९२५ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी तिथे साक्ष दिली. दर १ शिलिंग ४ पेन्स ठेवावा की १ शिलिंग ६ पेन्स, यावर तेव्हा रण माजले होते. मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी ४ पेन्सच्या बाजूचे. राष्ट्रीय पुढाऱ्यांपैकी पुष्कळांनी तीच राष्ट्रहिताची बाजू मानली. हिशेब साधा आहे. १०० पौंडांचा माल परदेशी विकला, तर १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने १,५०० रुपये हाती येतात. १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने सुमारे १,३३३. हे वरचे १६७ रुपये येतात कुठून? बाबासाहेबांचे उत्तर असे, की हुंडणावळ उतरली की देशात भाव चढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. निर्यातदाराचा नफा हा त्या मागे राहिलेल्या मजुरीतून निघतो. राष्ट्राला काही मिळत नाही. एका वर्गाच्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात जाते. म्हणून त्यांचा कल ६ पेन्सच्या जवळच्या दराकडे होता. १९२७ मध्ये कायद्याने तोच दर आला. सरकारची बाजू उचलून धरल्याचा आरोप अशा भूमिकेवर सहज करता येतो. पण ‘राष्ट्र’ म्हणताना त्यात मजूर धरला आहे की नाही, हा प्रश्न आरोप करणाऱ्यांना कुणी विचारायचा?

आता ग्रंथाच्या मर्यादा. त्या सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. त्यांचा उपाय सोन्याचा होता : रुपयाची नाणी पाडणे कायमचे थांबवावे आणि सोने चलनात आणावे. पण १९३१ मध्ये खुद्द इंग्लंडनेच सोने सोडले आणि तो उपाय इतिहासजमा झाला. दुसरे, मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा १ शिलिंग ६ पेन्सच्या चढ्या दराने शेतकऱ्याचे ओझे वाढवले. आणि शेतकरी बुडाला की त्याच्या बांधावरचा भूमिहीनही बुडतो. मजुरीचा भाव टिकला तरी काम टिकले पाहिजे. तिसरे, या ग्रंथात मजूर आहे, त्याची जात नाही. गिरणीत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. हा प्रश्न त्यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी उचलला. महागाईचा मार सर्वांत कमी मजुरीवाल्याला सर्वांत जास्त बसतो, आणि तो कोण हे जात ठरवते, हा दुवा वाचकाने स्वतः जोडायचा आहे.

आणि ते टाळ्यांचे वाक्य? रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, ती हिल्टन यंग कमिशनच्या शिफारशीला धरून. १९३४ च्या तिच्या कायद्याने स्टर्लिंगची खरेदी-विक्री १ शिलिंग ६ पेन्सच्या आसपास करण्याचे बंधन तिच्यावर घातले. म्हणजे ज्या विनिमय परिमाणाशी बाबासाहेब भांडले, ते या बँकेच्या पायातच होते. त्यांना त्या बँकेचे जनक म्हणणे हा गौरव दिसतो. प्रत्यक्षात तो त्यांचे भांडण पुसून टाकतो.

१९९३ पासून रुपयाचा दर मुख्यतः बाजार ठरवतो आणि पौंडाची जागा डॉलरने केव्हाच घेतली आहे. रुपया घसरला की निर्यातीला फायदा, असे वर्तमानपत्रे छापतात. तो फायदा कुणाच्या मजुरीतून निघाला, हे विचारण्याची सवय या ग्रंथाने लावली आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात आणि कामगारांच्या बैठकीत तो उघडून वाचला गेला पाहिजे.