सावली नसते तेव्हा शाळाही नसते

भारतातील खगोलशास्त्रज्ञांची ‘ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९७२ सालची. खगोलशास्त्र लोकांपर्यंत व शाळांपर्यंत नेण्यासाठी तिने स्वतंत्र समिती स्थापन केली ती २०१४ मध्ये. या समितीने हाती घेतलेल्या उपक्रमांपैकी ‘शून्य सावली दिवस’ हा आम्हाला सर्वांत देखणा वाटतो. दुर्बीण नको, खर्च नाही. उभी काठी आणि ऊन पुरते. कल्पनेत खोट नाहीच. प्रश्न आहे तो उद्दिष्टाचा. हा दिवस नेमका कोणासाठी?

सांगलीचा अक्षांश सुमारे १६.८५ अंश, साताऱ्याचा १७.६८. सूर्याची क्रांती तेवढी झाली की मध्यान्ही तो थेट डोक्यावर येतो. सांगलीत हे घडते ७ मे आणि ५ ऑगस्टच्या आसपास. साताऱ्यात १० मे आणि २ ऑगस्टच्या. मे महिन्यात शाळेला कुलूप. ऑगस्टमध्ये पाटण-महाबळेश्वरकडे सूर्यदर्शनच दुर्मीळ. (जत-आटपाडीकडे ढग विरळ असतात, तिथे साधेलही.) म्हणजे बहुतेक शिक्षकांना हा दिवस भेटतो तो वर्तमानपत्रातील छायाचित्रात. हौशी मंडळींना तो लाभतो हे चांगलेच. पण त्याला शालेय शिक्षण म्हणू नये. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या २०२०–२०३० च्या आराखड्यात लोकसंपर्क आणि शालेय शिक्षण ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत, ती उगीच नव्हेत.

शाळेसाठी आम्ही २० किंवा २१ मार्च निवडू. आकाश निरभ्र, शाळा सुरू. परीक्षांची गडबड असते, पण अर्धा तास निघतो. मध्यान्ह मात्र घड्याळातल्या बाराला नव्हे, १२.४० च्या सुमारास होते. एक मीटर उंच काठीची तेव्हाची सावली साताऱ्यात सुमारे ३१.९ सेंटिमीटर भरते, सांगलीत ३०.३. फरक अवघा १६ मिलिमीटर! त्यात सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी, त्यामुळे सावलीचे टोक सेंटिमीटरभर धूसर. काठीच्या टोकाशी बारीक भोकाचा पुठ्ठा लावला तर जमिनीवर सूर्याची प्रतिमा पडते आणि तिच्या मध्यावर खूण करता येते. दोन शाळांनी दूरध्वनीवरून आकडे कळवायचे. कोनांतला फरक ०.८३ अंश, नकाशावर दक्षिणोत्तर अंतर ९२ किलोमीटर. त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ येतो ४० हजार किलोमीटरच्या जवळपास. सावल्यांच्या फरकात तीन मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर सहा ते नऊ हजारांनी हुकते. ते का हुकले, यावर एक पूर्ण तास सहज रंगतो. पाठ्यपुस्तकातल्या तयार आकड्यावर तो रंगत नाही.

अशा मोहिमांचे यश सहसा हजेरीवरून मोजले जाते. समितीने त्याऐवजी शाळांच्या किती जोड्यांनी परीघ काढला, आणि त्यांतल्या किती जोड्यांनी पुढल्या मार्चमध्ये तो पुन्हा काढला, हे विचारावे. आकडा लहान येईल. तो अहवालाच्या पहिल्या पानावर छापायला हरकत नसावी.