जोडलेली ग्रामपंचायत, सुटलेली वाडी : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात ग्रामीण ब्रॉडबँड धोरणाची चिकित्सा

ग्रामीण ब्रॉडबँड धोरणाचे यश किती ग्रामपंचायती जोडल्या गेल्या, या संख्येने मोजण्याची प्रथा आहे. रत्नागिरी जिल्ह्याचा विचार करता हा निकषच सदोष आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मंजुरी दिली. सुमारे २.५ लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रत्येकी १०० मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची जोडणी नेणे हे त्याचे उद्दिष्ट होते. २०१५ मध्ये या योजनेस 'भारतनेट' हे नाव मिळाले. दुसऱ्या टप्प्यात राज्य शासनाने 'महानेट'द्वारे तिची अंमलबजावणी हाती घेतली.

या रचनेत ग्रामपंचायत कार्यालय म्हणजेच गाव, असे गृहीत धरलेले दिसते. देशावर वस्ती गावठाणाभोवती एकवटलेली असल्याने हे गृहीतक बऱ्याच अंशी टिकते. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या ९ तालुक्यांत मात्र एकाच ग्रामपंचायतीच्या वाड्या डोंगर, वहाळ आणि खाड्यांनी विभागलेल्या आहेत. जांभ्या कातळात चर खोदणे खर्चिक, तर खांबांवरून नेलेली तार पावसाळी वाऱ्याच्या तोंडी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड व दापोली तालुक्यांत खांब कोसळले, तेही शिक्षण ऑनलाइन झालेले असताना. कार्यालयापर्यंत पोहोचलेल्या जोडणीचा वाडीतील विद्यार्थ्यास उपयोग किती, हा प्रश्न तेव्हा प्रकर्षाने पुढे आला.

स्थानिक प्रयत्नांच्या संदर्भात १९९८ चा 'वारणा वायर्ड व्हिलेजेस' प्रकल्प उद्बोधक आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्यात होती. सहकारी साखर कारखान्याची बांधीव संघटना हा त्याचा आधार होता. रत्नागिरीत असा कारखाना नाही. परंतु वाडीच्या नावाने मुंबईत चालणारी मंडळे आहेत. रस्ता, पाणी, मंदिर यांसाठी वर्गणी उभारण्याची त्यांची परंपरा जुनी आहे. धोरणाने या सामाजिक शक्तीची दखल घेतलेली नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात वलयाकार जोडणीचा आणि ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांना मागणीनुसार जोडणी देण्याचा समावेश आहे. एका ठिकाणी तार तुटली तरी वलयामुळे दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहू शकते. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी तिचेही एकक गावच आहे, वाडी नव्हे. वाडीनिहाय आणि विशेषतः पावसाळ्यातील प्रत्यक्ष सेवेचे दिवस मोजले जात नाहीत, तोवर जोडलेल्या ग्रामपंचायतींचा आकडा हे धोरणाचे यश नसून केवळ कामाची नोंद ठरेल.